कपाचा तळ

आमचे भावजी सिनेमे लिहितात असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे नक्की काय लिहितात? बोलतात तर नट!" पूर्वी मी समजावत बसायचे. नट काय बोलणार, कुठल्या दारातून येणार, त्याचा बाप कोणत्या प्रसंगात मरणार, हे सगळं आधी कोणीतरी लिहून द्यावं लागतं, त्याला पटकथा म्हणतात, वगैरे वगैरे. आता घसा कोरडा करत नाही. "आमच्या ताईला विचारा," म्हणते आणि मोकळी होते. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, भावजींची बायको.

मी त्याच इमारतीत राहते, त्यांच्या खालच्या मजल्यावर, एकटी. कामाला दाताच्या दवाखान्यात, बाहेरच्या टेबलावर. दिवसभर तोंड उघडणारी माणसं बघते, पण खरं बोलणारी त्यात थोडी. "रोज दोनदा घासतो" म्हणणाऱ्यांचे दात मी पाहिलेत. त्यामुळे कोणाच्या शब्दावर चटकन विश्वास ठेवायची मला सवय नाही. पण भावजींपुढे मी म्हणजे अगदी भोळा सांब.

भावजी नवी कथा सांगायला बसले की आधी स्वयंपाकघराची खिडकी लावायचे. मग पंखा पाचवर. मग नळ थोडा सोडायचे, पाण्याच्या आवाजात शब्द बुडावेत म्हणून. पंख्याने आमचे केस उडतायत, नळ वाहतोय, आणि हे हळू आवाजात सांगतायत, नायिका कशी एकटी पडली ते.

"समोरच्या काकू कपडे वाळत घालायला फार वेळ लावतात," ते म्हणायचे.

"त्यांचे गुडघे दुखतात हो," ताई म्हणायची.

"असं त्या सांगतात."

झालं! पुढे बोलायची सोयच नाही.

हा संशय काही आभाळातून पडला नव्हता, तेही सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोलते असं व्हायचं. भावजी तरुणपणी पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीवर होते. दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि घरी येऊन लिहायचं. त्यांनी पहिली कथा लिहिली ती बंद पडलेल्या कारखान्याच्या रखवालदाराची. आत एक कामगार नाही, पण हा बाबा रोज सकाळी भोंगा वाजवतो आणि फाटक उघडून उभा राहतो. कथा चांगलीच होती, मी मान्य करते. पण सिनेमाच्या धंद्यात वाचायला कोणालाच वेळ नसतो. लेखकाने निर्मात्यासमोर बसून कथा ऐकवायची, सगळ्यांचे आवाज काढायचे, वेळ आली तर रडूनही दाखवायचं. भावजींनी ती एका बड्या निर्मात्याला ऐकवली. त्याला सगळे 'गॉगल' म्हणायचे, कारण तो घरातही काळा चष्मा घालून बसायचा. त्यामुळे समोरचा झोपलाय की चोरतोय, हे कळायची काही सोयच नव्हती. शेवटी गॉगलने जांभई दिली आणि म्हणाला, "बघू."

त्याने बघितलं बरोबर. पुढच्या वर्षी सिनेमा लागला, त्यात रखवालदार, भोंगा, फाटक, सगळं जसंच्या तसं, आणि लेखक म्हणून नाव भलत्याचंच. भावजींचं नुकतंच लग्न झालेलं. ताईला घेऊन ते पहिल्या खेळाला बसले होते. भोंगा वाजला तसे ताडकन उठले आणि ओरडले, "ही माझी गोष्ट आहे!"

मागचा माणूस म्हणाला, "खाली बसा, दिसत नाही."

ताईने शर्ट धरून त्यांना खाली ओढलं. ती सांगायची, घरी येऊन ते जेवायला बसले तेव्हा घास हातात धरून रडले. मला तेव्हा त्यांची फार दया आली होती, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर त्यांनी 'खूण' काढली. कथा ऐकवताना दर माणसाला एक बारीक गोष्ट वेगळी सांगायची. कथेला तिचा काही उपयोग नसतो, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती चिकटून बसते. एकाला सांगताना नायकाचा मामा कुत्र्याला घाबरतो. दुसऱ्याला सांगताना तोच मामा बोलता बोलता शर्टाची बटणं मोजतो. तिसऱ्याकडे तो घड्याळ उजव्या हातात घालतो. मग कोणाच्याही सिनेमात अशी खूण दिसली की कथा कोणाच्या तोंडून फुटली ते कळलंच. कोणाला काय सांगितलं, ते सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही, कागद कोणीही उघडतो.

आणि पद्धत लागू पडली हो! 'साखर' नावाने ओळखला जाणारा एक दिग्दर्शकाचा मदतनीस होता, "सर, अप्रतिम! सर, डोळ्यात पाणी!" करणारा. एका सिनेमात मामाने बटणं मोजली आणि साखर विरघळली. पुढे आणखी एकजण सापडला. धंद्यात बोलबाला झाला की हा माणूस चोर पकडतो. लोक वचकून राहू लागले, कामं मिळू लागली, नोकरी सुटली. एकामागून एक सिनेमे आले, चालले. पण पद्धत खरी ठरली तिथेच घात झाला, असं माझं मत आहे. कारण मग त्यांना सगळं जगच ऐकणारं आणि फोडणारं दिसू लागलं. दूधवाला कथेच्या वेळी बेल वाजवतो म्हणून त्यांनी दूधवाला बदलला.

त्यांच्या सिनेमांचं कौतुक व्हायचं ते संवादांचं. "काय घरगुती भाषा! बायका अगदी आपल्या घरातल्यासारख्या बोलतात!" बोलणारच. घरातल्याच होत्या. ताई नळ दुरुस्त करणाऱ्याला म्हणाली होती, "तुम्ही नळ दुरुस्त करायला आलात, की त्याची समजूत काढायला?" सिनेमात नायिकेची आई तेच म्हणाली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. ताई जेवताना काही बोलली की भावजींचा घास थांबायचा, नजर कुठेतरी जायची आणि हात हळूच शर्टाच्या खिशाकडे, पेनाकडे. ताईला त्याचं काय अप्रूप! थिएटरात स्वतःचं वाक्य ऐकू आलं की मला कोपराने ढोसायची. "माझं!" एवढंच म्हणायची.

मला मात्र ते पटलं नाही. माझं एकदा लग्न ठरत आलं आणि मोडलं. मी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते, तेव्हा ती म्हणाली, "गेला तो गेला. दार तर आपलंच आहे ना?" दोन वर्षांनी ते वाक्य शहरभर भिंतींवर चिकटलं होतं, वर नायिकेचा रडका चेहरा आणि खाली तिकिटाचे दर. माझं रडणं यांनी तिकिटाला लावलं! मी भावजींना तोंडावर तसं म्हटलं. ते म्हणाले, "अगं, कोणाला कळणार आहे?" दुसऱ्याने यांची गोष्ट नेली तर ती चोरी, आणि यांनी आमची नेली तर कोणाला कळणार आहे!

आता बाबांची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडकतं. आमचे बाबा स्टुडिओत सामानखोली सांभाळायचे. सिनेमात दिसतात त्या खुर्च्या, फोन, घड्याळं, कपबश्या, सगळं त्यांच्या ताब्यात. मोठमोठी माणसं त्यातलं आवडेल ते बिनधास्त घरी न्यायची. म्हणून बाबा प्रत्येक वस्तूच्या तळाला बारीक ब्रशने लाल नंबर घालायचे. आणि त्यातून त्यांना सवय लागली. कुठेही चहा प्यायले की रिकामा कप उलटा करून तळ बघायचे, न जाणो, आपला असला तर! घरी स्वतः विकत आणलेले कपसुद्धा सोडायचे नाहीत.

"बाबा, आपलेच आहेत."

"बघितलेलं बरं."

ताईचं लग्न ठरवायला भावजींच्या घरी गेले, तिथेही चहा संपल्यावर कप उलटा केला. विहीणबाईंचा चेहरा असा काही झाला, की लग्न मोडतंय असंच आम्हाला वाटलं. भावजी मात्र तेव्हा हसले होते. त्या हसण्यावर ताई भाळली, असं तीच सांगते. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

तर गेल्या साली भावजींनी एक कथा रचली, म्हातारा बाप लग्न झालेल्या मुलीकडे राहायला येतो, त्याची. नेहमीप्रमाणे पहिल्यांदा ताईला ऐकवली. खिडकी बंद, पंखा पाचवर, नळ सोडलेला. त्यातला बाप चहा प्यायला की कप उलटा करून तळ बघतो. ताई ऐकताना रडली. तिला वाटलं, नवऱ्याने आपल्या बापाची आठवण ठेवली.

पुढे काही महिन्यांत दुसऱ्याच कोणाचा एक सिनेमा आला. भावजी सवयीने पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला गेले. संध्याकाळी परत आले ते चप्पल न काढताच आत. ताईने मला खालून हाक मारून बोलावलं, तिच्या आवाजावरूनच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"कोणाला सांगितलीस?" भावजी तिला विचारत होते.

"काय?"

"बापाची कथा. कोणापाशी बोललीस? हिच्यापाशी?" माझ्याकडे बोट. "की शेजारी?"

"कोणालाच नाही. काय झालं ते तरी सांगा."

"त्यांच्या सिनेमात बाप कप उलटा करतो."

"मग आपली गोष्ट त्यांनी केली?"

"गोष्ट वेगळी आहे. त्यात बापाचं हॉटेल आहे, दरोडा आहे. पण गोष्ट बदलता येते. खूण बदलायचं कोणाच्या लक्षात येत नाही. कप मी फक्त तुला सांगितला होता."

मला समजायला थोडा वेळ लागला. ताईला लागला नाही. ती हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "फक्त मला म्हणजे? बाकीच्यांना काय सांगितलंत?"

भावजी आता चप्पल काढायला खाली वाकले. मग म्हणाले, "निर्मात्याला वेगळं सांगितलं. त्याच्याकडे बाप छत्री विसरतो."

"म्हणजे माझीसुद्धा खूण होती."

"मागे एकदा आपल्या घरातलं वाक्य बाहेर ऐकू आलं होतं. म्हणून बघावं म्हटलं."

खरं सांगते, क्षणभर मीही ताईकडे पाहिलं. बोलकी आहे, बोलली असेल कुठेतरी, असं मनात येऊन गेलं. संशयाचं हे असं असतं, एका घरात एकाला झाला की शेजारच्यालाही लागतो. पण ताईचा चेहरा पाहिला आणि माझीच मला लाज वाटली.

"बाबा तर सगळीकडेच तसं करायचे," ती म्हणाली.

"सगळीकडे म्हणजे आपल्या घरात. स्टुडिओत सामानखोलीवाल्याकडे बघतो कोण? हे आपल्या तिघांना सोडलं तर कोणाला माहीत असणार?"

 ताई म्हणाली, "बाबा सामानाला नंबर घालायचे. तुम्ही माणसाला घातलात."

आणि पातेलं उचलून घासायला लागली. ते आधीच घासलेलं होतं.

आठवडाभर दोघं बोलले नाहीत. मग भावजींनी जाहीर केलं, की ते स्टुडिओत जाऊन त्या सिनेमावाल्यांना गाठणार. "तूही चल," ताईला म्हणाले. मला लगेच वास आला. हिला कोण ओळखतं, कोण हिच्याशी बोलतं, ते यांना बघायचं होतं. ओळख परेडच की! मी म्हटलं, "मीपण येणार. साक्षीदार नको का?"

एक गोष्ट इथे सांगायला हवी. एवढे सिनेमे लिहिले, पण भावजी शूटिंगला कधी गेले नव्हते. कोणी बोलवतच नाही. लेखक सेटवर आला की दिग्दर्शकाला ताप येतो, "मी असं लिहिलं नव्हतं" हे कोणाला ऐकायचं असतं? त्यांचा सगळा धंदा निर्मात्यांच्या गुबगुबीत खोल्यांत. स्टुडिओ त्यांनी बाहेरूनच पाहिलेला.

फाटकावरच्या माणसाने त्यांना अडवलं. "कोण? लेखक? आज लेखकाचं काही काम नाही." मग त्याची नजर ताईवर गेली. "अरे! ही ती डबा आणणारी ना? सामानखोलीवाल्यांची थोरली! किती दिवसांनी!"

भावजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. बघितलंस, असं त्या नजरेत होतं.

आत तर कहरच झाला. मेकअपवाल्या बाई ताईच्या गळ्यातच पडल्या. एक म्हातारा सुतार हात पुसत पुसत आला, "आईची तब्येत कशी आहे?" विचारायला, आणि आई जाऊन जमाना झाला हे ऐकून खाली बसला. ताई हसत होती, डोळे पुसत होती, आणि जसजशी माणसं जमत होती तसतसा भावजींचा चेहरा काळवंडत होता. मी मनात म्हटलं, ताई, हसू नकोस गं, हा माणूस तुझं प्रत्येक हसू मोजतोय.

सगळे आम्हाला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. पत्र्याचं छप्पर, लांब बाकं. तिथे त्या सिनेमात म्हाताऱ्याचं काम केलेला नट बसला होता. त्याला सगळे 'बाप' म्हणतात, कारण आयुष्यभर त्याने बापाचीच कामं केली. भावजी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात चहा आला. पांढरे, जाड, कानाला टवके गेलेले कप. सगळे प्यायले. आणि मग मेकअपवाल्या बाईंनी रिकामा कप उलटा केला, तळ बघितला आणि ठेवला. सुताराने केला. दिवे लावणारा एक तरुण पोरगा होता, त्यानेही बोलता बोलता, लक्षसुद्धा न देता, कप उलटा करून बघितला. एकेक करून सगळ्या बाकाने.

ताईचा हात तसाच राहिला. "हे काय?" तिने त्या तरुणाला विचारलं.

"काय? हे? इथे असंच असतं. तळ बघितल्याशिवाय उठायचं नाही. नाहीतर शॉट बिघडतो."

"कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? सगळेच करतात."

बाप हसायला लागला. "अगं, तुझ्या बाबांमुळे! रोज इथे बसून प्रत्येकाचा कप उलटा करायचे, स्टुडिओचा आहे का बघायला. आम्ही चिडवायला म्हणून सगळे तसं करायला लागलो. ते गेले, चिडवणं राहिलं. आता या पोरांना कारणसुद्धा माहीत नाही." मग भावजींकडे वळून म्हणाला, "आता सिनेमात केलं ना मी. लेखकाने नुसतं 'बाप चहा पितो' एवढंच लिहिलं होतं. म्हटलं, बाप चहा पितो म्हणजे काय करतो? मला तुमचे सासरे आठवले. तुम्ही कधी इकडे आला नाहीत का हो?"

भावजींनी हातातला रिकामा कप तसाच, उलटा न करता, खाली ठेवला. 

ताईने आपला कप उलटा केला. तळाला लाल नंबर होता, पुसट झालेला, पण आकड्याचं वळण बाबांचं. तिने कप दोन्ही हातांत धरून छातीशी घेतला आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली. मीही रडले. त्या पत्र्याखाली आमचा बाप रोज जिवंत होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

आता माफी मागायची वेळ होती. निदान तिच्या खांद्यावर हात तरी ठेवायचा. मी भावजींकडे पाहिलं. त्यांची नजर कुठेतरी लांब गेली होती, आणि हात हळूहळू शर्टाच्या खिशाकडे, पेनाकडे चालला होता. ताईनेही पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी माफी मागितली, मनापासून मागितली. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, "चुकलं माझं, मी आंधळा झालो होतो," म्हणाले. ताई म्हणाली, "असू दे." आणि त्या दिवसापासून तिने बोलणं बंद केलं. म्हणजे अबोला नाही हं. बोलायची. "भाजी आणली. गॅस संपत आलाय. उद्या प्लंबर येणार." पण प्लंबर आला, काय म्हणाला, ही त्याला काय म्हणाली, ते नाही. बोलण्यात गोष्टच ठेवली नाही तिने. बोलताना तिची नजर त्यांच्या खिशावर असायची. घरात संशय घेणारं माणूस बदललं, एवढंच.

भावजी सुकत गेले. हातात नवा सिनेमा होता, आणि निर्माता म्हणाला, "तुमच्या बायका हल्ली वर्तमानपत्रासारख्या का बोलतात?" ते मला येऊन सांगितलं त्यांनी. खिशातलं पेन काढून टाकलं होतं. ताई म्हणाली, "खिशातून काढलं. डोक्यातून काढलंय का?"

एकदा दुपारी ताई मला वरच्या मजल्यावरच्या काकांच्या सोफ्याची गोष्ट सांगत होती. त्यांनी मोठा सोफा आणला, तो दारातून आत जाईना, आणि वरचे काका सोफ्यालाच रागावले, "दुकानात तर एवढा नव्हतास!" ताई काकांचा आवाज काढत होती, मी पोट धरून हसत होते. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. ताईचा चेहरा पाटी पुसावी तसा कोरा झाला. भावजी आत आले. "काय झालं? का हसत होता?"

"काही नाही. जेवण वाढू?"

मी निघाले, तर भावजी माझ्यामागून जिन्यात आले. "काय सांगत होती गं ती?"

मी थांबले. नवरा विचारतोय की लेखक? खिसा रिकामा होता, पण त्यावरून काय कळणार? मग मला सुचलं. मी सोफ्याची गोष्ट सांगितली आणि शेवटी पदरचं घातलं, की सोफा तीन दिवस जिन्यातच राहिला आणि काकांनी पाहुण्यांना तिथेच बसवून चहा दिला. कोणताही लेखक सोडणार नाही असा प्रसंग! भावजी हसले. मग त्यांचे डोळे भरून आले.

"ती अजून अशी बोलते?"

"बोलते. माझ्याशी."

ताईला मी सगळं सांगितलं. "सिनेमात जिन्यातला सोफा दिसला, तर हा माणूस सुधारणार नाही. नाही दिसला, तर तू त्यांच्याशी बोल." ती मला ओरडली, "तुलाही तोच रोग लागला का?" आणि भांडी आवरता आवरता म्हणाली, "कधी लागणार आहे सिनेमा?"

लागला तेव्हा आम्ही दोघी पहिल्या दिवशी गेलो. भावजी आत आले नाहीत, बाहेर उभे राहतो म्हणाले. ताईने माझं मनगट धरलं होतं. सिनेमात जिना आला, घर बदलणं आलं, खुर्च्या आल्या, टेबल आलं. सोफा काही आला नाही.

"नाहीये!" मी कुजबुजले.

"हुशार आहेत," ताई म्हणाली. "ओळखलं असेल तुला."

तेव्हा मला त्या खुणेची खरी जात कळली. सापडली तर माणूस चोर, नाही सापडली तर हुशार. सुटत कोणीच नाही.

पण ताई शेवटपर्यंत कान लावून बसली होती. अख्ख्या सिनेमात तिचं एक वाक्य नव्हतं. नायक घर सोडून निघतो आणि त्याची आई दारात उभी राहून म्हणते, "मला तुझ्या भवितव्याची चिंता वाटते." आमच्या मागे कोणीतरी घोरत होतं. अर्धं थिएटर आधीच उठून गेलं होतं. "एकसुद्धा नाही गं माझं," ताई म्हणाली. बरं वाटून म्हणाली की वाईट वाटून, ते मला अजून सांगता येत नाही.

बाहेर भावजी खांबाला टेकून उभे होते. लोकांचे चेहरे बघून त्यांना सगळं कळलेलंच होतं.  ताईच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुठली आई भवितव्य म्हणते हो?"

"मग काय म्हणेल?" असं म्हणून त्यांनी पटकन दोन्ही हात पाठीमागे बांधले, शाळेतल्या मुलासारखे.

"म्हणेल, 'जातोस तर जा. पण किल्ली घेऊन जा. मी काही दार उघडायला जागी बसणार नाही.'"

 भावजींचे हात मागेच. मी बघतच होते त्या हातांकडे. हलले नाहीत.

ताईने पर्स उघडली, पेन काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "घ्या, लिहा. पण पडद्यावर नाव माझं."

भावजी थांबले. ज्या माणसाने एका नावासाठी सगळ्या जगावर संशय घेतला, त्याला हे सोपं नव्हतं. तो थांबलेला वेळ ताईला जड गेला, मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी पेन घेतलं आणि विचारलं, "माहेरचं लावायचं की सासरचं?"

"बाबांचं लावा," ताई म्हणाली.

घरी जाताना ती वाटभर बोलत होती, सोफ्याचं, प्लंबरचं, साठलेलं सगळं. भावजी म्हणतात, पुढच्या सिनेमात 'संवाद' म्हणून तिचं नाव येणार. म्हणतात. पडद्यावर दिसेल तेव्हा खरं. तोवर त्यांच्याकडे चहा प्यायले की मी कप उलटा करून बघते.